सतरा वर्षांचा छत्रीधारी

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनचं मूळ माओरी नाव मौंगारेई. जेमतेम 135 मीटरची टेकडी, सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची. उतारावर माओरींनी कोरून काढलेल्या पायऱ्या अजून दिसतात. मध्येच कुमारा, म्हणजे तिकडची रताळी, साठवायचे खड्डे. आता त्यांत गवत माजलंय. इथे राबलेल्या, लढलेल्या माणसांची नावं नकाशावर आली नाहीत. आलं ते एका परक्या सेनापतीचं. आपल्याला तो चांगला ठाऊक आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली, तोच पुढे वेलिंग्टन झाला. त्या दिवशी केळणा नदीच्या काठी शिंद्यांची किती पोरं पडली, कोणत्या गावची होती, कोणी लिहून ठेवलं नाही.

मेलेल्या शिपायाची आठवण ठेवणं उपजतच असतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण कोणाची ठेवायची, हे दर काळ नव्याने ठरवत आला आहे. आपल्याकडे वीरगळ होते. खाली झुंज, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो, माथ्यावर चंद्रसूर्य. गुरं सोडवताना मेलेल्या साध्या माणसालाही हा मान मिळे. बहुतेक दगडांवर नाव नसतं. गावाला ते तोंडपाठ असणार, कोरायची गरज कोणाला वाटली नसेल.

परमुलखात मेलेल्याला मात्र गाव कुठलं? पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचे सुमारे 18,000 लोक गेले आणि प्रेतं घरी आली नाहीत. म्हणून गावोगावी दगडावर नावं कोरली गेली. आईला हात फिरवायला तेवढंच. 1917 साली इंग्रजांनी युद्धातल्या कबरींसाठी आयोग नेमला. त्याचं तत्त्व थोर होतं : हुद्दा, धर्म न पाहता प्रत्येकाचं नाव राहिलं पाहिजे. पण मेसोपोटेमियात मराठा पलटणींचे शिपाई मेले, त्यांच्या वाट्याला बसऱ्याच्या स्मारकावर काय आलं? अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. सातारा-रत्नागिरीकडची पोरं ती. याचा मला आजही राग येतो.

आपल्या माणसाचं नाव मागणं त्या मानाने सोपं. शत्रूच्या पोराचं काय करायचं?

20 मे 1941 रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीट बेटावर उतरले. मालेमेच्या धावपट्टीशी न्यूझीलंडची 22वी बटालियन उभी होती. बेटावर त्या देशाचे 600हून जास्त जवान मारले गेले. पलीकडे हेराक्लिओनजवळ पहिल्या दोन दिवसांत तीन सख्खे जर्मन भाऊ पडले : वोल्फगांग 24 वर्षांचा, लेबेरेख्त 19चा, हान्स-योआखिम 17चा. वॉटर्लूला वेलिंग्टनच्या मदतीला धावून आलेल्या सेनापती ब्लूखरच्याच घराण्यातले. धाकटा घोड्यावरून थोरल्याकडे काडतुसं घेऊन निघाला होता, असं सांगतात. सतरा म्हणजे आपल्याकडे बारावीतलं पोर.

त्याच्यासाठी जीव हळहळतो, आणि लगेच कोंदोमारी आठवतं. मालेमेजवळचं हे गाव. 2 जूनला छत्रीधाऱ्यांनीच तिथले पुरुष ऑलिव्हच्या झाडांत नेऊन गोळ्या घालून मारले. हळहळ आणि कोंदोमारी, दोन्ही मनात एकाच वेळी धरावी लागतात. एकीने दुसरी पुसली जात नाही. इथवर यायला मला फार वेळ लागला.

मालेमेच्या उतारावर आज 4,400हून अधिक जर्मनांच्या कबरी आहेत. ही दफनभूमी 1974 साली खुली झाली, तेव्हा राखणीला ठेवलेल्यांत योर्गोस प्सिखुंदाकिस होता. क्रीटचाच मेंढपाळ, जर्मनांच्या ताब्यातल्या बेटावर डोंगर तुडवत त्यांच्याविरुद्धचे निरोप पोचवलेला. पुढे कित्येक वर्षं त्या कबरींची निगा त्यानेच राखली.