सोहराब कुणाचा?

नववीच्या वर्गात मी दर वर्षी एक तास आगा हश्र काश्मिरी यांच्या 'रुस्तम व सोहराब' या नाटकासाठी राखून ठेवते. परीक्षेला ते असो वा नसो. मुली रुस्तमचे संवाद आवाज चढवून वाचतात, वर्ग टाळ्या वाजवतो आणि शेवटी सोहराबच्या दंडावरचा मोहरा उघडा पडला की सगळे गप्प होतात. त्या शांततेची मला सवय झाली होती. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने ती मोडली. "टीचर, सोहराब किसी और का बेटा होता, तो रुस्तम रोता क्या?"

मी म्हणाले, "कल बताऊँगी." उत्तर येत नसेल तर प्रश्न वर्गाकडे परत टाकावा, असे बी.एड.ला शिकवले होते. तेही मला त्या वेळी सुचले नाही.

त्या रात्री मी १९६३ चा 'रुस्तम सोहराब' हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहिला. पृथ्वीराज कपूर रुस्तम, प्रेमनाथ सोहराब, सज्जाद हुसेन यांचे संगीत आणि सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. तीनच वर्षांपूर्वी 'मुग़ल-ए-आज़म'मध्ये पृथ्वीराज मुलासमोर उभे राहिले होते. तिथे बाप मुलाला ओळखून लढतो, इथे न ओळखता. आमच्या भागातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते की या चित्रपटाचे दिग्दर्शक विश्राम बेडेकर १९०६ साली आमच्या अमरावतीत जन्मले. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, तिच्यावर वंशद्वेषामुळे देशोधडीला लागलेली ज्यू माणसे आणि त्यातली एक प्रेमकथा, ही त्यांची 'रणांगण' कादंबरी १९३९ ची. माणसाने माणसाला आधी जात-वंश विचारावा आणि मग जगू द्यायचे की नाही ते ठरवावे, याचा संताप ज्या लेखकाने मांडला, त्यानेच पुढे ओळख न पटल्यामुळे झालेल्या हत्येची ही कथा पडद्यावर आणली. हा योगायोगही असेल. मला मात्र तो अर्थपूर्ण वाटतो.

मूळ कथा फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तली. १०१० च्या सुमारास पुरे झालेले हे महाकाव्य. इराणचा पहिलवान रुस्तम समनगानच्या तहमीनाशी लग्न करतो, होणाऱ्या मुलासाठी एक मोहरा देऊन निघून जातो. मुलगा तुराणात वाढतो आणि बापाला शोधत फौज घेऊन इराणवर येतो. दोघे समोरासमोर येतात, आणि बापाच्या खंजिराने मुलगा पडतो.

लहानपणी वाटायचे, हा नशिबाचा खेळ. आता वाचताना दिसते की यात नशिबाचा हात फार थोडा आहे. तुराणचा बादशहा अफरासियाब आपल्या सरदारांना बजावतो की बाप-लेकांना एकमेकांची ओळख पटू देऊ नका, हे राजकारण. कैदेत पडलेला हुजीर रुस्तमचा तंबू दाखवत नाही; ही भीती. आणि सोहराब स्वतः विचारतो, आपणच रुस्तम तर नाही ना? तेव्हा रुस्तम साफ नाही म्हणतो, हा अहंकार. सोहराब शेवटच्या घटका मोजत असताना रुस्तम बादशहा कैकाऊसकडे नोशदारू हे औषध मागतो, तर बाप-लेक एक झाले तर आपले तख्त जाईल म्हणून तो देत नाही. फारसीत यावरून म्हणच पडली: सोहराबच्या मृत्यूनंतरची नोशदारू. आपल्याकडे म्हणतात, बैल गेला नि झोपा केला. तेव्हा "मला माहीत नव्हते" ही रुस्तमची सबब अर्धीच खरी आहे. एक अज्ञान माणसावर येऊन पडते, दुसरे माणूस स्वतः पाळतो. रुस्तमचे दुसऱ्या प्रकारचे होते.

ही कथा इराणची असली तरी तिची भावंडे ग्रीसमध्ये आहेत. ईडिपस वाटेत भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला मारतो, तो त्याचा बाप निघतो. ओडिसियसचा शेवटही एका कथेत त्याचाच मुलगा टेलेगोनस करतो, तोही अजाणता. अशा कथांवर विचार करताना ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की शत्रूने शत्रूला मारले तर त्यात करुणा उपजण्यासारखे फारसे काही नसते. आप्ताच्या हातून आप्ताचा घात होतो तेव्हाच खरी शोकांतिका घडते. नाटकाचा नियम म्हणून हे खरे असेल. पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका याच नियमाला होता. ज्याचा मोहरा सापडत नाही, त्याच्या मरणाचे काय?

उत्तर शाहनाम्यातच होते, मी ते इतकी वर्षे ओलांडून जात होते. तहमीनाने मुलासोबत आपला भाऊ झिंदा रज्म याला पाठवले होते. त्याने रुस्तमला पाहिलेले होते. बाप दाखवून देणे एवढेच त्याचे काम. लढाईच्या आधीच्या रात्री रुस्तम वेष पालटून तुराणी छावणीत शिरतो. अंधारात झिंदा रज्म त्याला हटकतो, "कोण आहेस?" रुस्तम मानेवर एक ठोसा मारतो आणि तो जागीच मरतो. रुस्तम त्याच्यासाठी रडत नाही. शत्रूच्या छावणीतला कुणीतरी होता, संपला. पण बापाला मुलाची ओळख करून देणारा माणूस तोच होता. परक्याचा जीव ज्या हाताने सहज घेतला, त्याच हाताने आपल्या मुलाचा शेवटचा आधार संपवला.

म्हणजे मुलीला द्यायचे उत्तर सरळ होते. नाही बेटा, रुस्तम रडला नसता. आणि तो तसा रडणारा नव्हता, म्हणूनच त्याला पुढे सोहराबसाठी रडावे लागले.

हे उत्तर वर्गात देण्याआधी मला एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. माझे सासर अमरावतीचे, माहेर अकोल्याचे. २०२३ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली तेव्हा मी रात्रभर फोन लावत होते. भाईजान म्हणाले, "एक आदमी गया." मी विचारले, "अपना?" ते म्हणाले, "नहीं." आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्या माणसाचे वय काय, घरी कोण, मी काहीच विचारले नाही. निरपराधाचा एक जीव घेणे म्हणजे साऱ्या माणुसकीचा जीव घेणे, हे मी लहानपणापासून पाठ करत आले. फोन कानाला असताना ते आठवले नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातही त्या रात्री असेच फोन झाले असतील, असेच दगड कुठे उतरले, कुठे चढले असतील. त्याने माझा प्रश्न हलका होत नाही.

शाळेत असताना टीव्हीवर हिंदीत पाहिलेला 'ट्रॉय' (२००४) मला याच संदर्भात आठवतो. होमरच्या काव्यातले देव दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसनने पडद्यावरून काढून टाकले, पण एक प्रसंग ठेवला. अकिलिसने हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेले आहे. रात्री हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम शत्रूच्या छावणीत येतो आणि ज्या हातांनी मुलगा मारला त्या हातांचे चुंबन घेऊन प्रेत मागतो. पीटर ओ'टूलने तो प्रसंग असा केला आहे की ब्रॅड पिटचा पराक्रम विसरायला होतो. होमरच्या काव्यात प्रायम म्हणतो, तुझ्या बापाला आठव. अकिलिसला दूर देशी एकटा पडलेला आपला बाप आठवतो. तो रडतो, प्रेत परत देतो, शत्रूला जेवू घालतो आणि अंत्यविधीसाठी लढाई थांबवतो.

इथे रक्ताचे नाते नाही, दंडावर मोहरा नाही, तरी ओळख पटते. कुणी म्हणेल, अकिलिसही शेवटी आपल्याच बापासाठी रडला. खरे आहे. माणूस 'आपल्या'पासूनच सुरुवात करतो. आईला आधी आपले मूल दिसणारच. त्यात गुन्हा नाही. रुस्तमचे 'आपले' त्याच्या घराशी संपले, अकिलिसचे त्या रात्री शत्रूच्या घरापर्यंत गेले, एवढाच फरक. अंत्यविधी आटोपल्यावर युद्ध पुन्हा सुरू होणारच होते, हे दोघांनाही ठाऊक होते. तरीही त्या एका रात्रीचे मोल कमी होत नाही.

त्या मुलीला 'कल' सांगते म्हटले होते. सांगायला आठवडा लागला. तेव्हापासून त्या तासाच्या शेवटी मी वर्गाला सोहराबच्या मृत्यूवर निबंध देत नाही. फळ्यावर झिंदा रज्मचे नाव लिहिते आणि सांगते, याच्या घरच्यांविषयी दहा ओळी लिहून आणा. पहिल्या वर्षी सगळ्या मुलींनी एकच प्रश्न विचारला, "टीचर, ये कौन है?"

मी म्हटले, "रुस्तमनेही एवढेच विचारले असते, तर बरे झाले असते."