आधी पाहावं

जपानच्या उशिमादो गावातला एक म्हातारा कोळी जाळ्यातून एकेक मासा सोडवतोय. कॅमेरा नुसता पाहतोय. संगीत नाही, निवेदन नाही. जपानी दिग्दर्शक काझुहिरो सोडा यांच्या 'इनलँड सी' या कृष्णधवल माहितीपटातलं हे दृश्य. सोडा न्यूयॉर्कला गेले, सिनेमा तिथेच शिकले. अनेक वर्षं तिथे राहून त्यांनी मायदेशातली साधी माणसं टिपली. आधी संहिता लिहायची नाही, मत ठरवायचं नाही. आधी पाहावं, हा त्यांचा नेम.

आपण मात्र माणूस दारात येताच मत बनवून मोकळे होतो. मग त्याचं बोलणं कानावर पडतं, मनापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी पाहावं. नीट पाहिलेल्या माणसावर सहसा अन्याय होत नाही. आज जो पहिला भेटेल, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. मत नंतरही बनवता येईल.