चालणारी चूक

प्रोग्रॅमिंगच्या ट्युटोरियलमध्ये चुका असतात हे आता कोणी नाकारत नाही. उलट त्यांचं समर्थन करण्याची पद्धतच पडली आहे. धड्यातला कोड चालला नाही की विद्यार्थी कारण शोधतो आणि शोधता शोधता शिकतो, तेव्हा चार चुका राहिल्या तर बिघडलं कुठे, असं शिकवणारेच सांगतात. ऐकायला हे उदार वाटतं. पण सगळ्या चुका एकाच जातीच्या असतात असं धरून चालल्याशिवाय हे म्हणता येत नाही. खिडक्या, बटणं, मेनू असलेले प्रोग्रॅम शिकवायला घेतले की हे गृहीतक पहिल्याच प्रॅक्टिकलला कोसळतं.

काही चुका अडवतात. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ साली आली आणि टीकेइंटर या लायब्ररीच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं. जुन्या पुस्तकातली पहिली ओळ टाइप केली की नवं पायथन तिथेच थांबतं आणि या नावाचं मॉड्यूल नाही म्हणून सांगतं. विद्यार्थी चडफडतो, शेजारच्याला विचारतो, पुढे जातो. अशा चुकीपुरतं वरचं समर्थन मान्य करायला हरकत नाही. तो धडा जुना झालेला असतो, इतकंच.

दुसऱ्या जातीची चूक चालते. टीकेइंटरमध्ये 'आफ्टर' नावाची सोय आहे. तिला मिलिसेकंदांचा आकडा आणि फंक्शनचं नाव द्यायचं, म्हणजे तेवढ्या वेळाने ते फंक्शन चालतं. समजा, खिडकी उघडल्यावर दोन सेकंदांनी तिच्यात 'नमस्कार' उमटलेला धड्यात दाखवायचा आहे. लिहिणाऱ्याने २००० हा आकडा दिला आणि फंक्शनच्या नावापुढे सवयीने कंस टाकले. कंस पडले की फंक्शन त्याच क्षणी चालतं आणि 'आफ्टर'च्या हाती फंक्शनऐवजी रिकामी किंमत लागते. त्यावर 'आफ्टर' तक्रार करत नाही. नुसता आकडाच मिळाला असं समजून ते अख्खा प्रोग्रॅम दोन सेकंद थांबवून ठेवतं. खिडकी तोवर पडद्यावर आलेलीच नसते. दोन सेकंदांनी ती उघडते आणि आत 'नमस्कार' हजर असतो.

विद्यार्थ्याला वाटतं, जमलं. लॅबमधलं मशीन जरा स्लो आहे, बाकी काही नाही.

'शोधू द्या' म्हणणाऱ्यांनी सांगावं की त्याने इथे काय शोधायचं. एररची एकही ओळ आलेली नाही, हवा तो शब्द दिसतो आहे, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवता येतं, सरांची सही मिळते. शोध सुरू व्हायला आधी शंका यावी लागते, आणि शंका येण्यासाठी काय व्हायला हवं होतं याची कल्पना आधीच असावी लागते. ती कल्पना देणं हेच तर धड्याचं काम होतं. यावर ठरलेलं उत्तर असं की नोकरीतही असेच बग शोधावे लागतात, मग आत्तापासून सवय होऊ दे. ही तुलना टिकत नाही. नोकरीतला प्रोग्रॅमर कोडवर संशय घेतो, कारण कोड त्याचा किंवा सहकाऱ्याचा असतो आणि ताडून पाहायला त्याच्याजवळ अनुभव असतो. धड्यापुढे बसलेला विद्यार्थी धड्यावर संशय घेत नाही. काही बिनसलंच तर तो स्वतःवर घेतो.

आणि ज्यांच्याजवळ अनुभव होता त्यांचं काय झालं? क्रमाने लावलेल्या यादीत एखादी किंमत शोधण्याची बायनरी सर्च ही रीत जॉन बेंटली यांच्या गाजलेल्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स'मध्ये आहे. तिच्यात मधली जागा काढताना दोन आकड्यांची बेरीज होते. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ठरलेल्या मर्यादेत मावत नाही. हीच चूक जावाच्या लायब्ररीत सुमारे नऊ वर्षं नांदली. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ते स्वतः जाहीर केलं. नऊ वर्षं जगभरच्या प्रोग्रॅमरना जे दिसलं नाही ते दुसऱ्या वर्षाच्या मुलाने प्रॅक्टिकलच्या दोन तासांत हुडकावं, ही अपेक्षा क्रूर आहे. चुकांतून शिकलो म्हणणारे बोलतात, कारण ते टिकले. जे सोडून गेले ते या चर्चेत नसतातच.

आता एआय सगळं दुरुस्त करून देईल, या आशेबद्दल एवढंच म्हणावं की एआयही याच धड्यांवर शिकलं आहे.

चूक सुधारायची म्हणजे काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. आपल्या पुस्तकांतल्या चुका दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा चेक पाठवणारे डोनाल्ड क्नूथ सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याहून उपयोगी उदाहरण मात्र जावाच्या स्विंग लायब्ररीचं आहे, जी महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत ॲडव्हान्स्ड जावाच्या नावाखाली वर्षानुवर्षं शिकवली गेली. स्विंगमध्ये खिडकीशी संबंधित सगळी कामं एकाच थ्रेडवर करायची असतात. हान्स म्युलर आणि कॅथी वॉलरॅथ यांनी १९९८ साली हा नियम समजावताना एक सूट सांगितली होती: खिडकी पडद्यावर येईपर्यंत ती मुख्य थ्रेडवर रचली तरी चालेल. जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या अधिकृत ट्युटोरियलची उदाहरणंही तशीच होती आणि ती चालत होती. पुढे ही सूट सुरक्षित नसल्याचं लक्षात आलं, आणि खिडकी उघडण्याचं कामसुद्धा 'इन्व्होकलेटर'मार्फत त्या एका थ्रेडकडे सोपवावं, असं ट्युटोरियलमध्ये बदललं गेलं.

ट्युटोरियलच्या लेखकांनी नुसता कोड बदलला नाही. आधी आम्ही काय सांगत होतो, ते बहुतेक वेळा का चालायचं आणि आमच्या इतक्या उदाहरणांपैकी नेमक्या कोणत्या एका उदाहरणात ते अडकलं, हे त्यांनी लिहून ठेवलं. ते उदाहरण कधी सुरळीत उघडायचं, तर कधी आतल्या आत अडकून उघडायचंच नाही. आपला कोड आज चालला म्हणून तो बरोबर ठरत नाही, हे वाचकाला त्या नोंदीतून कळलं असतं. पण पुढच्या असंख्य नकलांमध्ये 'इन्व्होकलेटर'ची ओळ तेवढी गेली आणि नोंद मागेच राहिली. म्हणून ती ओळ पाठ असलेला विद्यार्थी बटणाच्या फंक्शनमध्ये बिनदिक्कत पाच सेकंदांचा 'स्लीप' टाकतो आणि खिडकी का गोठली म्हणून विचारतो. जो थ्रेड खिडकी रंगवतो आणि माउसचं क्लिक ऐकतो, त्यालाच त्याने झोपवलेलं असतं.

ओळ सुधारणं वेगळं आणि कारण सुधारणं वेगळं. अडवणाऱ्या चुकीत ओळ सुधारली की भागतं. चालणाऱ्या चुकीत ओळ सुधारून थांबलं, तर तीच चूक रूप पालटून पुढच्या पानावर भेटते.

वरचे कंसच पाहा. कोणीतरी ते खोडतं आणि 'आफ्टर'चा धडा बरोबर होतो. मग विद्यार्थी कॅल्क्युलेटर करायला घेतो. शून्य ते नऊची दहा बटणं लूपमध्ये बनवायची आणि दाबल्यावर प्रत्येकाने आपला अंक द्यायचा. अंक द्यायचा म्हणजे कंस आले, आणि कंस तर चालत नाहीत. कोणी सुचवतं, 'लॅम्डा' घाल. तो घालतो. दहा बटणं दिमाखात उभी राहतात आणि कोणतंही दाबलं तरी ९ उमटतो. पुन्हा कोणी सांगतं, लॅम्डाच्या पुढे 'आय इज इक्वल टू आय' लिही. लिहिल्यावर अंक बरोबर येतात आणि आणखी एक मंत्र पाठ होतो.

बटणाला फंक्शन आत्ता सोपवायचं असतं आणि ते चालणार असतं नंतर, कोणीतरी बटण दाबेल तेव्हा. लॅम्डा 'आय'ची किंमत त्या वेळी पाहतो, आणि तोवर लूप संपून ती ९ वर थांबलेली असते. कंस खोडणाऱ्याने त्याच वेळी एवढं लिहून ठेवलं असतं, तर कॅल्क्युलेटरच्या धड्यात वेगळी दुरुस्ती करावी लागली नसती.