'अटी लागू' आणि सत्य

मी बेंगळुरूमध्ये दुकानांच्या जाहिरातींचे डिझाइन करतो. सत्संगात एका ज्येष्ठ साधकांनी विचारले, "या व्यवसायात सत्याचे पालन कसे करता ?" मी लगेच म्हणालो, "मजकूर दुकानदार देतो आणि त्यात खोटे काही नसते."

त्याच रात्री दसऱ्याच्या सेलचा फलक करत होतो. '५०%' वीतभर, 'पर्यंत' ज्वारीच्या दाण्याएवढे. खाली कोपऱ्यात चांदणी आणि अटी. सूट कन्नडमध्ये, अटी मात्र इंग्रजीत. शब्द दुकानदाराचे होते, पण कोणता मोठ्याने बोलायचा आणि कोणता पुटपुटायचा, हे मी ठरवले होते.

याला आपण 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो. अश्वत्थामा मारला गेला, हे युधिष्ठिराने मोठ्याने सांगितले आणि 'हत्ती' हळूच उच्चारले. शब्दशः ते खरेच होते; तरीही भूमीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ खाली टेकला. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याविषयी म्हटले आहे की, वाणी समोरच्याला फसवणारी नसावी. तेथे वाचस्पतिमिश्रांनी युधिष्ठिराचाच दाखला दिला आहे. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावे, असा माझा हेतू आहे, यावर सत्य ठरते. माझा हेतू तर त्या आकारांतच दिसत होता !

गंमत म्हणजे कायदाही हेच सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अटींचा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये, ठळक जागी हवा. दिशाभूल करणारा दावा तळटिपेने दुरुस्त करता येत नाही.

हे मी वरिष्ठांना दाखवले. अटी कन्नडमध्ये आल्या, 'पर्यंत' थोडे मोठे झाले. पुढच्या एका कामात मात्र मूळ किंमत वाढवून सूट दाखवायची होती. मी नकार दिला. पगारवाढ हुकेल, याची मनाची तयारी केली होती आणि खरे सांगायचे तर मनात थोडा अहंही सुखावला होता.

ते काम माझ्या शेजारी बसणाऱ्या नव्या मुलीकडे गेले. तिच्यावर घराची जबाबदारी आहे, ती नाही म्हणू शकत नव्हती. फलक वेळेत लागला. माझे हात स्वच्छ राहिले, पण ते तिच्या हातांच्या आधारावर. आता असे काम आले की नकार देण्याआधी मी तिच्याशी बोलतो. दोघांनी मिळून वरिष्ठांकडे जायचे ठरवले आहे. अजून ती तयार झालेली नाही.