खोटी

आमच्या ओतूर भागातला कांदा रात्री माळशेज घाट उतरून वाशीला जातो. गाडी पहाटे मार्केटात पोचते खरी, पण रिकामी कधी होईल ते सांगता येत नाही. गाळ्यापुढं रांग, आधीचाच माल उतरायचा असतो. या खोळंब्याला ड्रायव्हर म्हणतात, 'खोटी झाली'.

पट्टी हातात आली की मी नीट वाचतो. हमाली, तोलाई, भाडं, सगळं पैशापैशानं कापलेलं. गोणी मोजता येते म्हणून तिचा हिशेब होतो. ड्रायव्हरला पैसे खेपेचे. त्याचे ताटकळलेले तास कुठल्याच रकान्यात नसतात. मग ते भरले कोणी? त्यानंच, झोप मोडून. माल दुसऱ्याचा, गाडी सोडून संडासाला जायचीही चोरी. पूर्वी क्लीनर असायचा, आता तो तरी कुणाला परवडतो?

हमालांनाही कुणी विचारत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला. पण पाठीवरचं ओझं दिसतं तरी. स्टिअरिंगवर डोकं टेकलेला माणूस बघणाऱ्याला आराम करतोय असंच वाटतं.

आडत्या म्हणतो, हमाल कमी पडले. हमाल म्हणतो, आम्हाला हात दोनच. मी म्हणतो, ठरलेलं भाडं दिलं. आम्ही तिघंही खरंच बोलतो, आणि तरी त्याचा दिवस फुकट वापरला गेलेला असतो, माझ्या कांद्यापायी.

यंदा गाडी ठरवताना मी विचारलं, "खोटीचे किती घेशील?" तो हसला. "असं कुणी विचारत नाही, काका." आकडा काही त्याला सांगता आला नाही.