दशमांश कशाचा?

"बियाणं, खत, फवारणी सारं उधारीवर. मंग पास्टर, दहावा हिस्सा द्यायचा तो कशाचा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात कापसाची पहिली वेचणी झाली की पाळकाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणारा अश्रद्ध नसतो. उलट ज्याला द्यायची मनापासून इच्छा असते, तोच विचारतो.

२०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो हाती पडायला नोंदणी हवी, सातबारा हवा, कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा आणि मुख्य म्हणजे थांबायची ऐपत हवी. ज्याच्या दारात कृषी केंद्रवाला उधारीसाठी उभा आहे, तो खेडा खरेदीत मिळेल त्या भावाला कापूस घालून मोकळा होतो. वेचणाऱ्या बायांची मजुरी त्यातूनच जायची. शेवटी उरते ते पुष्कळदा नुसते देणे. त्याचा दशमांश कसा काढायचा?

या प्रश्नाला तयार उत्तर मोबाईलवर मिळते. मलाखीचा तिसरा अध्याय उघडायचा आणि सांगायचे, तुम्ही देवाला द्या, तो तुमच्यासाठी आकाशाच्या खिडक्या उघडील. आमच्या मंडळीतले तरुण असे संदेश एकमेकांना पाठवत असतात. शहरातल्या पगारदाराला हे ऐकून फार तर थोडे जास्त द्यावेसे वाटेल. इथे त्याचा अर्थ उलटा लागतो. बोंडअळी आली म्हणजे माझ्या देण्यात खोट होती, असे शेतकरी धरून बसतो. यवतमाळ हा २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भासाठी जाहीर केलेल्या विशेष पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. ते पॅकेज का द्यावे लागले, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. कर्जाने आधीच खचलेल्या माणसाच्या मनावर आणखी पापाचे ओझे टाकणारा प्रचारक कितीही गोड बोलत असो, मला तो धोकादायक वाटतो.

शास्त्रच नीट वाचले तर दशमांशाचा नियम इतका एकसुरी नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात माणसाने आपला दहावा भाग कुटुंबासह देवासमोर बसून आनंदाने खावा, असे सांगितले आहे. दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच ठेवायचा. लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. लगेच पुढचा अध्याय सातव्या वर्षीच्या कर्जमाफीचा आहे. हे दोन अध्याय आम्ही पाळक क्वचितच एका दमात वाचतो. आम्ही स्वतःला लेव्यांच्या जागी बघतो, पण शास्त्राने लेव्याला विधवेच्या आणि अनाथाच्याच पंक्तीला बसवले आहे, हे सोयीने विसरतो. नहेम्याचे उदाहरण तर आमच्या फारच अंगावर येते. लोकांवर आधीच फार भार आहे म्हणून त्याने अधिपतीच्या हक्काचा भत्ता घेतला नाही.

पाळकाच्या भत्त्याचा प्रश्न इथेच उघडा पडतो. एके काळी यवतमाळ हे फ्री मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते. १९५३ साली तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३मध्ये पुण्याला गेली. मिशनच्या काळात सेवकाचा पगार मिशनकडून यायचा. तेव्हा गावच्या पिकाशी त्याचा तसा संबंध नव्हता. त्या व्यवस्थेचे फायदे मी नाकारत नाही. शाळा आणि दवाखाने त्यातूनच उभे राहिले. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांसारख्या माणसाला ती जाचली. १९१७मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत ते गेले. त्यांचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. परदेशाचा पैसा नको, तर मग कुणाचा? दशमांशावर जगणारा पाळक दशमांशावर बोलतो, तेव्हा तो स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश असतो. म्हणून झरीसारख्या भागात पाळकाने तंबू शिवणाऱ्या पौलासारखा काही धंदा करावा, असे मला वाटते. शिकवण्या, शेती, दुकान, काहीही. वेळ कमी पडेल, हे खरे. पण व्यासपीठावर जीभ मोकळी राहील.

आणि बोलायला दुसरे पुष्कळ आहे. २०१७च्या फवारणीत या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणीच्या दिवसांत हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका, हे मी उपासनेत सांगतो. एका वडीलधाऱ्याने यात आत्मिक काय आहे, असे विचारले होते. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणताना आपल्या शेतात पंप पाठीवर घेऊन चालणारा मजूर शेजाऱ्यात मोडत नाही काय? सिकलसेलच्या पोरावर हात ठेवून प्रार्थना करावी, पण गाडी आधी बोलवावी.

रविवारचेही तसेच. वेचणी किलोवर असते. रविवारी सकाळी बाई मंडळीत बसली तर तिची मजुरी बुडते. म्हणून हंगामात आमची उपासना दिवेलागणीला होते. सीतादहीच्या पूजेला शेजाऱ्याच्या शेतात जावे का, पोळ्याला बैल सजवावे का, यावर मंडळीत वाद होतात. बैलाला न्हाऊ घालून चार घास जास्त देण्यात मला तरी मूर्तिपूजा दिसत नाही.

आता आमच्या मंडळीत असे ठरले आहे की ज्या घरावर पीककर्ज किंवा दुकानाची उधारी आहे, त्याच्याकडून दशमांशाची अपेक्षा ठेवायची नाही. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातला नोकरदार, शिक्षक यांनी द्यावे. देणाऱ्यांची नावे वाचून दाखवायची नाहीत. जमेतला एक हिस्सा दवाखान्यात जायच्या गाडीभाड्यासाठी वेगळा ठेवायचा. तो कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या माणसालाही मिळावा, मग तो माणूस प्रार्थनेला येत असो वा नसो, असे माझे म्हणणे आहे. या शेवटच्या कलमावर पंच अडले आहेत. आपल्यातल्यांनाच पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी तिसऱ्या वर्षाच्या त्या यादीतल्या परक्याकडे बोट दाखवतो, ते जमाखर्चाच्या वहीकडे. मार्चच्या बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे, आणि नावे वाचायचे बंद केल्यापासून जमा घटली आहे, हेही तेव्हा निघेलच.