ग्रीक नावाचे वजन

फ्रॉइड जर्मनमध्ये लिहायचा, आणि तेही घरगुती शब्दांत. 'मी', 'ते' आणि 'मी'च्या वर बसलेला तो तिसरा, एवढ्यावर त्याने १९२३ साली मनाची रचना मांडली. इंग्रजीत आणताना भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन 'इगो', 'इड', 'सुपरइगो' करून टाकले. जेम्स स्ट्रेची यांनी तर एका साध्या जर्मन शब्दासाठी ग्रीकवरून 'कॅथेक्सिस' असा नवाच शब्द घडवला. जो वाचक स्वतःबद्दल वाचत होता, त्याला आता आपण कुठल्यातरी यंत्राबद्दल वाचतोय असे वाटू लागले. व्हिएन्नात वाढलेल्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी याच तक्रारीवर पुढे एक पुस्तक लिहिले. मला ती पटते.

पण ग्रीकला सरसकट झोडपणेही बरे नव्हे. डोळे मिटल्यावर काही जणांना कसलेच चित्र दिसत नाही, हे फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच नोंदवले होते. त्या अवस्थेला नाव नव्हते, म्हणून कुणी फारसे लक्ष दिले नाही. २०१५ मध्ये एक्सेटरचे मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या 'फॅन्टासिया'ला नकार जोडून 'अफॅन्टेशिया' शब्द काढला, आणि 'अहो, माझेही असेच आहे' म्हणत हजारो लोक पुढे आले. नावामुळे कारण कळले नाही, उपायही सापडला नाही. (उपाय हवाच होता असेही नाही, ही व्याधी नव्हेच.) माणसे मात्र एकमेकांना सापडली.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ग्रीक शब्द वरून तटस्थ दिसतो, पण त्याच्या पोटात एक चित्र दडलेले असते. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'फाटणे' आणि 'मन' हे दोन ग्रीक शब्द जोडून 'स्किझोफ्रेनिया' केला. विचार, भावना, कृती यांचा मेळ सुटतो, एवढेच त्यांना म्हणायचे होते. लोकांनी त्यातून एका देहात दोन माणसे काढली, आणि सिनेमावाल्यांनी तर त्याचे सोनेच केले. जपानी भाषेतले नावही 'मन दुभंगण्याचा आजार' असेच होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलले. नव्या नावाचा अर्थ साधारण 'मेळ बिघडणे' असा आहे.

आपण मात्र ब्लॉयलरचा ग्रीक शब्द संस्कृतात उतरवून 'छिन्नमनस्कता' केला, त्याच्या गैरसमजासकट. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी तो आता बदलायला घ्यावा.